दट्ट्यावरची चुकीची खाच

जालना, मंगळवार, संध्याकाळ

दिनकरनं फसवलं. वीस वर्षांचा दोस्त!

आज त्याच्या पेंटबॉलच्या मैदानावर गेल्तो, बदनापूरला. टेबलावर रंगाच्या गोळ्या मारायच्या आठ नव्या बंदुका, सगळ्या मी बनवलेल्या नमुन्यासारख्या, नेहमीच्यापेक्षा चार बोटं आखूड. एक उघडली. स्प्रिंग दट्ट्याच्या मागं न्हाई, दट्ट्याभोवतीच बसवलेली. ही युक्ती मला सात महिने लेथवर घासल्यावर सुचली, कुठल्या कॉलेजात न्हाई.

"पुण्याच्या कंपनीनं बनवल्यात, अण्णा," दिनकर म्हणाला. "डोकं काय तुम्हालाच दिलंय का देवानं?"

दट्ट्यावरून बोट फिरवलं आणि खाच लागली. तोंडापासून अकरा मिलिमीटरवर. पहिला नमुना करताना माझं टूल घसरलं होतं, त्याची ती खाच. तिला काही काम न्हाई. दुसरी बंदूक उघडली, तिच्यातही खाच, अकरावरच. तो नमुना मी फक्त दिनकरला दिल्ता, चालवून बघायला. म्हणजे यानंच तो त्यांच्या हातात ठेवला.

"ही खाच कशाला रे?" मी विचारलं.

"असंल हवेसाठी. इंजिनियर लोकांचं काम हाय, अण्णा, बिनकामाचं कशाला करतील?"

तिथंच बोलायला पाहिजे होतं. का बोललो न्हाई? गिऱ्हाइकं उभी होती म्हणून? का त्यानं माझ्याकडं बघितलंच न्हाई म्हणून?

खिशात रुमालात गुंडाळलेला सुधारलेला दट्ट्या होता, बिनखाचेचा, बिलकुल गुळगुळीत. त्यालाच द्यायला नेला होता. अजून रुमालातच आहे.