सासूबाईंच्या कॉम्प्युटरला कार्ड बसल्याची खबर

आदरणीय साडूसाहेब यांसी,

थोरलेपणाचा मान म्हणून आधी नमस्कार. आपली पाठ कशी आहे? ताईंचा गुडघा? इकडे सारे ठणठणीत, आणि सर्वांत ठणठणीत तो कॉम्प्युटर, जो भंगारात द्यावा असे आपण मागच्या भेटीत भर जेवणात सासूबाईंना (त्या आपल्याही, पण त्या दिवशी फक्त माझ्या वाटल्या) सांगितले होते. तो चालू आहे. पुन्हा लिहितो, चालू आहे.

घडले ते असे. आपल्याला माहीतच आहे (तरी सांगतो, सांगताना बरे वाटते) की सासूबाईंच्या मागच्या खोलीतले स्वेटर विणायचे मशीन त्या कॉम्प्युटरच्या हुकमावर चालते, आणि त्यांनी उभ्या आयुष्यात एकेक टाका मोजून काढलेले सगळे नमुने त्याच्या डिस्कवर होते. दुसरीकडे कुठेही नाहीत. आता त्यांचा हात थरथरतो, ते पुन्हा काढणे व्हायचे नाही. अशात डिस्क अडखळू लागली. मनात आले तर चालू व्हायची, नाहीतर रुसून बसायची. सासूबाई नुसत्या बंद मशीनवरची धूळ पुसत राहिल्या. ते पाहून मी तिथल्या तिथे जाहीर केले की डिस्क मी बदलतो. यावर आमच्या हिने माझ्याकडे जसे पाहिले, तसे तिने याआधी एकदाच पाहिले होते, मी मोरीचा नळ दुरुस्त करायला घेतला तेव्हा.

पहिला मान अर्थातच, पुढे नव्या कॉम्प्युटरला होईल म्हणून आपण पाठवलेल्या नव्या डिस्कला. चपळ, चकचकीत, अख्ख्या गावाचे स्वेटर मावतील एवढी. ती जोडायला एक अडॅप्टर आणला, तो बसेना म्हणून त्याला दुसरा लावला, असे करता करता डिस्क टेबलाच्या कडेपर्यंत पोचली. कॉम्प्युटरने तिला ओळखच दाखवली नाही. त्याचा तरी काय दोष? त्याच्या वयाच्या कॉम्प्युटरला ठरावीक मापापलीकडची डिस्क दिसतच नाही. (आपली भेट वाया गेलेली नाही. जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, तो आता डुगडुगत नाही.) मग पेन ड्राइव्ह घेऊन गेलो, तर तो खुपसायला जागाच नाही. बराच वेळ मी पाठीमागून कॉम्प्युटर चाचपत होतो, शेवटी सासूबाईंनी विचारले की त्याला कुठे दुखतंय का.

अखेर अक्कल सुचली ती कॅमेऱ्याच्या कार्डाची. पूर्वी मोठ्या कॅमेऱ्यात असायचे ते, काडेपेटीएवढे, जाडसर. ते या कॉम्प्युटरशी त्याच्याच जुन्या पद्धतीने वागते, मध्ये जोडणीची एक साधी पट्टी पुरते. फक्त कार्डाची साठवण लहान हवी. दुकानात जाऊन मी सगळ्यात कमी जागेचे मागितले, तर दुकानदाराचा चेहराच उतरला. "मोठं घ्या साहेब, पुढे लागेल," तो म्हणाला. मी म्हटले, "पुढे नको, मला मागे जायचंय." त्याने आतल्या माणसाला मला बघायला बाहेर बोलावले. शेवटी हवे तसे कार्ड कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याच्या खणात निघाले. बदल्यात त्याला लोकरीची टोपी कबूल केली आहे (त्याचे डोके पाहता घाई समजण्यासारखी आहे).

मग जुन्या डिस्कवरचे सगळे कार्डावर उतरवायचे. त्यात कॉम्प्युटर दोनच गोष्टी विचारतो, कुठून आणि कुठे. मी छातीठोकपणे उलट उत्तर दिले. म्हणजे कार्डाचा कोरेपणा सासूबाईंच्या नमुन्यांवर उतरणार होता. मी शेवटची कळ दाबणार, तोच हिने मनगट धरले. "काय दाबताय ते आधी मोठ्याने वाचा." मी वाचायला लागलो आणि अर्ध्यावरच कळीवरचा हात मागे घेतला. सुधारले, पुन्हा वाचले, सासूबाईंनाही वाचून दाखवले, आणि मगच कळ दाबली. डिस्क कण्हत कण्हत चालली, शेवटचा नमुना पलीकडे पोचवला आणि कायमची थांबली. कार्ड लावून कॉम्प्युटर सुरू केला, तर सगळे जिथल्या तिथे! आपल्या धाकट्या लेकीच्या पहिल्या स्वेटरवरची बदकेसुद्धा, साडूसाहेब, जी आपण भंगारात घालायला निघाला होता. सासूबाईंनी पडद्यावर त्या बदकांवरून बोट फिरवले. हिने त्या दिवशी मला चहात साखर विचारून घातली.

असो. विजय झाला तरी मी नम्रच आहे. ताईंना नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

आपला,
वयाने धाकटा, या खेपेला वरचढ साडू

ता.क. एक किरकोळ बाब राहिली. कार्ड अजिबात आवाज करत नाही. विणताना सासूबाई पडद्याकडे कधी बघतच नव्हत्या, हे आम्हाला आत्ता कळले. जुनी डिस्क घर्र, घर्र करून टक म्हणाली, की नमुना आला असे समजून त्या मशीन सुरू करत. आता कार्ड बसल्यावर त्या मशीनवर हात ठेवून नुसत्या वाट बघत बसल्या. मी परोपरीने समजावले. "ते बोलल्याशिवाय मी कशी सुरू करू?" त्या म्हणाल्या. "अर्धवट आलं असलं म्हणजे?"

आणखी ता.क. ताईंकडून कळले (त्यांना बोल लावू नये) की अगदी असाच एक कॉम्प्युटर आपण माळ्यावर चादरीत गुंडाळून जपला आहे, आणि घरात कोणी नसले की चालू करून बघता. कृपा करून त्याची डिस्क पाठवावी. तिच्यात काही नसले तरी चालेल. शेजारी जोडून ठेवू, काम कार्ड करील, आवाज ती करील. मात्र उशीर करू नये. विणकाम सध्या जोरात चालू आहे, पण कॉम्प्युटरच्या मागे स्टुलावर बसून घर्र आणि टक मी करतो आहे. काल मध्येच मला खोकला आला, तर सासूबाईंनी हिला हाक मारून सांगितले, "अगं, ही पण डिस्क जायला लागली, बदलून घ्या."