खिडकीशेजारची गणना

३ फेब्रुवारी

चारशे छत्तीस!

सलग सहा दिवस, सकाळी दहा ते सायंकाळी सहा, खिडकीशी उभे राहून गल्लीतून जाणारी माणसे मोजली. सरासरी चारशे छत्तीस. गेल्या वर्षी, वाचनालय होण्यापूर्वी, हिने शेवटच्या आजारपणात याच खिडकीतून मोजली तेव्हा सरासरी चारशे बारा होती. म्हणजे वाढ अवघी चोवीस.

बारा तारखेला नगरपालिकेची आढावा बैठक. वाचनालय आमच्या गल्लीत आले तर वर्दळ वाढेल व दुकाने तरतील, असे अहवालात मीच लिहून दिले होते. वाढ सिद्ध झाली नाही तर दुपारी एकनंतर वाचनालय बंद ठेवण्याचा त्यांचा विचार आहे.

समोरच्या शिंप्याला आकडा सांगितला. तो मान खाली घालून शिवत राहिला. मग म्हणाला, “काका, चष्मा पुसून घ्या एकदा.”

४ फेब्रुवारी

माझी मोजणी चुकलेली नाही, पुन्हा तपासली. परंतु गल्लीकडे पाहावे तर शिंप्याचेच खरे वाटते.

पूर्वी तो दुपारभर यंत्रावर डोके टेकून झोपत असे. आता मुलांना बालविभागात बसवून त्यांच्या आया कपडे टाकायला येतात; त्याने हाताखाली दोन बायका कामाला घेतल्या आहेत. गंजलेल्या शटरच्या जागी झेरॉक्सचे दुकान निघाले— नोकरीचे अर्ज भरणाऱ्यांची तेथे रांग असते. चप्पल दुरुस्त करणाऱ्याने तर बाक टाकला आहे! आज त्यावर एक गृहस्थ एक पाय अनवाणी ठेवून वाचनालयातून आणलेले पुस्तक वाचत होते. चप्पल शिवून झाली तरी उठेनात.

हे सारे चोवीस माणसांनी घडत नाही.

६ फेब्रुवारी

हिने भरलेले तक्ते कपाटातून काढले. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. अक्षर तिच्यासारखेच नेटके. प्रत्येक तक्त्याखाली माझी सही. तेव्हा मी निवृत्त झालो नव्हतो; कचेरीतून येत असे, ती तक्ता पुढे करी, मी ‘तपासले’ असे लिहून सही करीत असे.

एकोणीस तारखेचा तक्ता. चारशे अठरा.

एकोणीस तारखेला तिच्या पाठीच्या मणक्याची तपासणी होती. सकाळी आठला आम्ही दोघे रुग्णालयात गेलो आणि दिवे लागल्यावर परतलो. घराला कुलूप होते. किल्ली माझ्या खिशात होती.

७ फेब्रुवारी

एकतीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी एकदाही खोटे बोलली नाही, असे मी समजत होतो.

८ फेब्रुवारी

मेहुणी आली होती. हिच्या आजारपणात मी कचेरीत गेलो की मेहुणीच जवळ बसत असे. एकोणीस तारखेचा तक्ता मी तिच्यासमोर ठेवला. तिने तो पाहिलासुद्धा नाही.

“एकच का, भावोजी? सगळेच तसले.”

मग तिने शांतपणे सांगितले. दुपारचे औषध घेतल्यावर ताई अर्धा तास रेघा ओढीत असे. आकडा दोघी मिळून ठरवीत. माप घ्यायला शिंपी वर आला होता, त्यालाही ठाऊक होते. ‘वहिनी, आज गर्दी जरा कमी दाखवा, रोज जत्रा बरी दिसत नाही’ असे म्हणून तो हसला होता. बहिणीला, शिंप्याला, कदाचित साऱ्या गल्लीला ठाऊक! सही करणाऱ्यालाच तेवढे नव्हते.

का, एवढेच मी विचारले.

“चारशेच्या खाली गेलं तर वाचनालय इथं न होता एसटी डेपोमागे जाईल, हे जेवताना तुम्हीच म्हणाला होतात. आणि तक्ता आणलात तेव्हा किती हौसेनं आणलात! तुझा वेळ जाईल, म्हणालात. तिला नाही म्हणवेना.”

मी म्हणालो, मोजवत नव्हते तर सांगायचे होते.

“तुम्ही कधी विचारलंत?”

काय विचारायचे होते? मोजायला दिले होते, तिने मोजायचे होते. मेहुणी चहा न घेता गेली.

९ फेब्रुवारी

शिंप्याच्या दुकानावरून गेलो. नमस्कार घेतला नाही.

१० फेब्रुवारी

उपाय सरळ आहे, तरी लेखणी उचलवत नाही. जुना आकडा रद्द करावा. मग अधिकाऱ्यांना गल्लीत येऊन दुकाने डोळ्यांनी पाहावी लागतील, आणि पाहिली तर वाचनालय दिवसभर उघडे राहील. गप्प बसलो तर तिच्याच खोट्या रेघांनी ते अर्धे बंद होईल.

मात्र अहवालाची प्रत वाचनालयाच्या दर्शनी कपाटात आहे. ‘गणक’ म्हणून तिचे नाव आहे— मीच आग्रहाने छापून घेतले. ग्रंथपाल बाई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

निवेदनाचा मसुदा केला: ‘गणकाने प्रत्यक्ष मोजणी न करता काल्पनिक आकडे भरल्याचे उघडकीस आले आहे.’ वाक्य निर्दोष आहे. तीन वेळा वाचले. ती असती तर हा कागद तिच्यासमोर ठेवून उत्तर मागितले असते. तीही सोय तिने ठेवली नाही!

११ फेब्रुवारी

दोन्ही गणना एकाच जागेवरून व्हाव्यात, असा नियम आहे. मी उभ्याने मोजले; तिने खिडकीलगतच्या खाटेवरून, पाठ उचलता येत नसे म्हणून. हा फरक निवेदनात नोंदवावा म्हणून आज प्रथमच तिच्या खाटेवर उताणा पडलो. ती पडत असे तसाच, मान उशीवर.

समोरच्या गच्चीची कड दिसते. त्यावर आकाश. गल्ली दिसत नाही. एकही माणूस दिसत नाही.

खालून पावलांचे आवाज येत होते.

मसुदा फाडला. नवा लिहिला:

‘मागील गणना ग्राह्य धरू नये. ती ज्या जागेवरून करवून घेतली तेथून रस्ता दिसत नाही. जागा मी निवडली होती. तपासली नव्हती.’

खाली माझी सही.