माल : आई, एक नग

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार
पोचलो बाई एकदाचे! वाईपासून दिवसभर स्टिअरिंग हातात. पाठीचा पार भुगा झालाय, पण मी खूश आहे. तेरा वर्षं शाळेची पोरं वाहिलेली माझी ट्रॅव्हलर. आता तिच्यात दोन पलंग, शेगडी आणि चक्क फुलाफुलांचे पडदे. आईच्या गुडघ्यांना गणेशपुरीच्या गरम कुंडाचं पाणी मिळावं म्हणून हा सगळा खटाटोप. उद्या सकाळी कुंडावर.

मुक्काम कुठे करायचा यावरून मात्र आमचं वाजलं. गणेशपुरीच्या अलीकडे मानकोलीच्या पेट्रोल पंपावरून हाकललं. ढाब्यामागे दारूची पार्टी चाललेली. लॉजवाला म्हणे, गाडी रस्त्यावर ठेवा न् वर झोपा. अरे, गाडीत झोपायचं म्हणून तर एवढा खर्च केला ना! शेवटी दापोड्यात एका गोदामाचं आवार सापडलं. भिंत, दिवे, नळ, स्वच्छ संडास, रांगेत उभे ट्रक. आईला जागा पसंत नव्हती. एवढ्या गाड्या, आणि एकाही ड्रायव्हरचा आवाज कसा नाही, असं ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, झोपले असतील बिचारे.

गेटवर काळूराम नावाचा म्हातारा वॉचमन. वही पुढे करून म्हणाला, माल काय हाय त्यो लिवा, त्याबिगर गाडी आत जायची न्हाय. मी लिहिलं : आई, एक नग. खाली झोकात सही ठोकली. आई खो खो हसली. तो हसला नाही. नऊ नंबरचं टोकन दिलं.

आई, ही माझी रोजनिशीची वही तू चोरून वाचतेस हे मला ठाऊक आहे. वाच. आणि घोरतेस तू, कबूल कर.

१९ नोव्हेंबर
मागे कंटेनर, पुढे ट्रक. गाडी अडकली. काळूरामशी कडाक्याचं भांडले. त्याचं एकच पालुपद : भरल्या गाडीला गेटपास न्हाय, माल खाली झाल्यावर ड्रायव्हरनं जायचं. चेष्टेत लिहिलं हो, म्हटलं. तर म्हणे, सही तुमचीच हाय ना? माल बदलता येतो. रकाना रिकामा ठेवता येत न्हाय.

माणूस आहे की भिंत! आईने पिठलं केलं, जेवून झोपलो.

२० नोव्हेंबर
सकाळी उठले तर आमची गाडी चार नंबर पुढे. किल्ली माझ्या उशीखाली होती. हँडब्रेक ओढलेला होता.

पुढच्या ट्रकांमध्ये ड्रायव्हर आहेत. काचा वर, नजर समोर. टकटक केलं तरी मान वळवत नाहीत. दुपारी पहिला टेम्पो गोदामाच्या शटरला लागला. तासाभराने रिकामा बाहेर आला. चालवणारा ओक्साबोक्शी रडत होता. शेजारच्या सीटवर बाईच्या चपला.

मला कळलं. मी लिहिणार नाही काय कळलं ते.

संध्याकाळी आईच्या डाव्या तळपायावर निळ्या खडूचा ९ दिसला. साबण, रॉकेल, दगड, सगळं करून पाहिलं. जात नाही. आई म्हणाली, राहू दे गं, गुडघे अजिबात दुखत नाहीयेत आज. काहीच दुखत नाहीये.

२१ नोव्हेंबर
चालत बाहेर पडू म्हटलं. आईला उचलायला गेले — पन्नास किलोची बाई, जागची हलेना. पलंगाला जणू खिळलेली. फोनला रेंज नाही. भिंतीपलीकडे हाका मारून घसा बसला.

पुढे तीन गाड्या.

तिला टाकून मी जाणार नाही. माझी एक फालतू चेष्टा — माझ्याच हातची —

२२ नोव्हेंबर
पुढे एकच.

गेटवर गेले. काळूरामने न विचारता पेन दिलं. 'आई' खोडलं. वर माझं नाव लिहिलं : रुचिका, एक नग. सही केली. वही मिटत तो म्हणाला, माझी बायको पन ह्याच वहीत हाय.

परत आले तर आई विव्हळत होती. गुडघे दुखतायत गं, मेले मी. तळपाय स्वच्छ! मी तिला मिठी मारून हसले, रडले. तिला वाटलं मला वेड लागलं. बाम चोळून दिला.

माझी पाठ दुखायची थांबली.

२३ नोव्हेंबर
आई झोपलीय. तिला सांगितलं नाही, ही वहीही कालपासून लपवून ठेवलीय. सांगितलं असतं तर उठून वहीकडे धावली असती.

पाय उचलत नाहीत. हात अजून —

आई, तू वाचशीलच. ओरडू नकोस. ड्रायव्हर आता तू. गेटपास तुझ्या नावाचा. मला शोधायला आत यायचं नाही, शपथ आहे.

किल्ली उजव्या हाताला. क्लच डाव्या पायाने पूर्ण दाब. गुडघा दुखेल, दुखू दे. पहिला गिअर डावीकडे, वर. हँडब्रेक खाली —

शटर वर जातंय —

क्लच एकदम सोडू नकोस हं, गाडी बंद पडते. हळू. अगदी हळू सोड, आणि उजव्या पायाने