ड्रॅगनची बुबुळं

शनिवार, ३ फेब्रुवारी २०२४

तीन आठवडे हे पान टाळलं. उद्या लिहू, उद्या लिहू. लिहिलं की कबूल करावं लागतं ना.

तर — ड्रॅगनचे डोळे मी रंगवले. बुबुळांसकट!

नूडल्स खायला चायनाटाउनमध्ये गेलो होतो. शेजारच्या तळघरात नऊ काठ्यांवरचा हा लांबलचक कापडी ड्रॅगन दिसला आणि मी तिथेच रंगकामाला चिकटलो. कॉलेज सोडल्यापासून माझं असंच चाललंय. शिंगं हरणाची, खवले माशाचे, नख्या गरुडाच्या. आग ओकत नाही, पाऊस आणतो म्हणे. शिकागोत फेब्रुवारीत पाऊस कोणाला हवाय! — जाऊ दे, भरकटलो.

ड्रॅगन नाचवणाऱ्या मंडळाचे फोंग आजोबा म्हणाले होते, "सिड, डोळ्यांना फक्त पांढरा दे." पण नुसते पांढरे डोळे भकास दिसत होते. हात शिवशिवले. बुबुळं मंडळातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने, म्हणजे आजोबांनीच, काढायची असतात, लाल रंगाने, सगळ्यांसमोर. तोवर ड्रॅगन झोपलेला असतो. मला कुठे माहीत!

टीम चालवणारी विनी बघतच राहिली. "यू वोक हिम अप. इथे, अंधारात, एकट्याने."

दुसऱ्या दिवशी आजोबांना स्ट्रोक. कोणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मंगळवार, ६

बुबुळांवर पांढरा रंग मारला. विनी म्हणाली, "ग्रेट. आता आंधळा केलास."

नर्सिंग होममध्ये जाऊन आलो. आजोबांचा उजवा हात गेलाय. दिवसभर "परेड, परेड" करतात, नर्स म्हणाली. चिनी नववर्षाची परेड अठराला आहे. ड्रॅगनचं वर्ष बारा वर्षांनी येतं. आजोबा चौऱ्याऐंशीचे.

सोमवार, १२

विनीला म्हटलं, तूच काढ ना बुबुळं. "मी? आजोबा असताना?" टीममधलं कोणी आंधळ्या ड्रॅगनच्या काठीला हात लावत नाही.

शरयू मावशीला सांगितलं. (डेव्हनवर, इथल्या देशी वस्तीत, तिच्याकडेच पडलेला असतो.) पोळी लाटता लाटता म्हणाली, "रस्त्यावरून आलेल्या कोणी आपल्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा उरकून टाकली असती तर?"

"मावशी, मला माहीत नव्हतं."

"विचारायला तोंड नव्हतं?"

जेवलो नाही.

रविवार, १८

परेड झाली. आम्ही नव्हतो.

सोमवार, १९, दुपार

तळघराची किल्ली विनीला परत द्यायला आलो होतो. आता यात राम नाही. कुठे जायचं ठरलेलं नाही, पण जायचं. तेवढ्यात वर आरडाओरडा —

फोंग आजोबा आलेत! व्हीलचेअर जिन्यात अडकली, तर विनी आणि सगळी टीम खुर्चीच उचलून आणतेय. नवा रेशमी कोट. केस चापून बसवलेले. खाली उतरायच्या आधीच डावा हात पुढे — ब्रश द्या!

त्यांना वाटतंय, परेड आज आहे. कोणीच काही सांगितलेलं नाही.