चाकावरच्या लाल रेघा

मी खाली सही करणारी, वय सदुसष्ट, धंदा शाळेची व्हॅन चालवणे (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. का, ते पाचव्या कलमात येईल. सव्वीस वर्षांत एकाही मुलाला साधे खरचटले नाही, आणि मुलांनी मला हळूबाई नाव ठेवले.

१. दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. गॅस बंद केल्याची दोनदा खात्री करावी.

२. व्हॅनही भाचीलाच. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासावी, स्टेपनीचीसुद्धा; तिच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून ऐन वेळी दगा देते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, गॅरेजवाला "अजून चालेल" म्हणाला तरी. निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारून वाकून खाली बघावे. कंबर काय, कुरकुरतेच.

३. जॅक तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना मुळीच देऊ नये. त्यांनी नेलेला दांडा अजून परत आलेला नाही. विचारले की हसतात.

४. धाकट्या भावाला काहीही नाही. भावजयीने राग मानू नये. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असेही त्या म्हणाल्या. याने वाचायचा आहे, माझ्यासमोर, मी जिवंत असताना.

५. चाकाचे नट आवळून झाले की प्रत्येक नटावरून रिमवर नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची, ही माझी पद्धत. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. एकवीस वर्षांपूर्वी भाऊ बसवर ड्रायव्हर म्हणून रुजू होणार होता. त्याच्या आदल्या आठवड्यात त्याला माझी जुनी गाडी हवी होती, आणि मी तिचे चाक बदलत होते. नट हाताने बसवले होते. गाडी खाली घेऊन पान्याने आवळायचे बाकी होते. बाटली उघडी होती, नेलपॉलिश वाळेल म्हणून रेघा आधीच ओढल्या. जॅक उतरवते तोच घरात फोन वाजला. एका आईची तक्रार, लांबलचक. बाहेर आले तर गाडी गेलेली. भावाने रेघा पाहिल्या होत्या. ताईच्या रेघा म्हणजे काम पक्के.

वळणावर चाक निघाले. मी पोहोचले तेव्हा तो हात धरून रस्त्याकडेला बसला होता. म्हणाला, "ताई, मी वेगात होतो का गं?"

मी म्हणाले, "होतास."

तो वेगात नव्हता.

त्याचा कोपर अजून सरळ होत नाही. स्टिअरिंगला त्याने पुन्हा हात लावला नाही. बस डेपोच्या तिकीट खिडकीत बसून इतरांना जागा देत राहिला. व्हॅनमध्ये शेजारी बसला की त्याचा पाय ब्रेक शोधतो. घरातले त्याला म्हणतात, गाडी चालवावी तर ताईने. चोराच्या मनात चांदणे. कोणी नुसते "चाक" म्हटले तरी मी दचकते. हे मनात ठेवून मरायची मला भीती वाटते, आणि सांगायचीही तेवढीच.

६. (भावाने वाचल्यानंतर घातलेले.) त्याने दोनदा वाचले. मग तो एवढेच म्हणाला, "एकवीस वर्षं, ताई."

मी माफी मागितली. त्याने व्हॅनची किल्ली मागितली. लायसन्स संपलेले आहे, आवाराबाहेर जायचे नाही, हे मी तशातही बजावले. खाली जाऊन त्याने पान्याने चारही चाकांचा एकेक नट तपासला. रेघा अखंड होत्या, तरीही. मी बाजूला उभी राहून बघत होते. त्याचे बरोबरच आहे. मग मी शेजारच्या सीटवर बसले.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले आहे.

ठिकाण: इमारतीचे आवार, व्हॅनच्या बॉनेटवर
दिनांक: १२ मार्च २०२३, रविवार

सही: हळूबाई

साक्षीदार १: वकीलबाई

साक्षीदार २: धाकटा भाऊ. शेरा, त्याच्याच हातचा: नट स्वतः तपासले. आवारात तीन फेऱ्या मारल्या. वेगात नव्हतो.