कार्यवाहबाईंचे परिषदेतले धडे

२ फेब्रुवारी, सकाळ
आई एकदा म्हणाली होती, "हिच्या हातात दिलेली वस्तू काही परत मिळत नाही." मी तेव्हा सात वर्षांची असेन. केवढा विश्वास होता तिचा माझ्यावर! आमच्या शहराचा मदतनिधी चौदा वर्षं मी तसाच धरून ठेवलाय. शहरातल्यांनी द्यायचं, शहरातल्याच गरजूंना मिळायचं, आणि मध्ये मी. कार्यवाह.
परवा अशा सगळ्या निधींची मोठी परिषद. भाची म्हणाली, "मावशी, तू यायलाच हवंस." तिला निधीत कामाला मीच लावलं. जाण आहे पोरीला. दहा तारखेला समितीत कार्यवाहपदाची निवड. ती काय, औपचारिकता.
संकल्प: प्रत्येक सत्रातून तीन धडे घ्यायचे. कमी बोलायचं. (ऐन वेळी आग्रह झालाच तर भाषण पर्समध्ये आहे.)

४ फेब्रुवारी, हॉटेल
गळ्यातल्या कार्डावर 'वक्ता' नाही, 'सहभागी' छापलंय. छापखान्याची चूक. तक्रार करायची नाही असं ठरवलं. दोनदाच केली.
दुपारी 'ऐकण्याची कला' हे सत्र. त्यात अकरा मिनिटं बोलले. सूत्रसंचालक म्हणाले, आता इतरांचंही ऐकू या. वेळेचं नियोजन अगदीच कच्चं.
धडे: अजून शून्य.

५ फेब्रुवारी, दुपार
भाचीचं सत्र! पहिल्या रांगेत बसले. तिने एका निधीची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, हा तिचा सभ्यपणा. तिथल्या बाई म्हणे बैठकीचं इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवतात. हॉल हसला. सगळ्यात मोठ्याने मी. (मीही लिहिते, पण ते वेळ वाचावा म्हणून.) प्रत्येक अर्ज बाईंनीच वाचायचा, कपाटाची किल्ली बाईंकडेच. असतात बाई अशी माणसं!
मग एका आजोबांची गोष्ट. कानाच्या यंत्रासाठी त्यांचा अर्ज. समितीने मंजूर केला, पण बाईंना स्वतः घरी जाऊन खात्री करायची होती, आणि बाईंना वेळ नव्हता. अर्ज चार महिने खणात. यंत्र मिळालं तोवर आजी गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या काय काय बोलत होत्या, आजोबा नुसते ओठ बघत राहिले.
माझे डोळे भरून आले. उठून विचारलं, त्या बाईंना कुणी तोंडावर सांगितलं नाही का?
भाचीने माइक जवळ ओढला. मग म्हणाली, "सांगतेय."
छान उत्तर. लिहून घेतलं.

संध्याकाळी ७.४०
आमच्याकडेही कानाच्या यंत्राचा एक अर्ज होता. पण तो साडेतीन महिनेच होता खणात.

६ फेब्रुवारी, परतीची बस
भाची शेजारीच येऊन बसली. मी खिडकीकडे तोंड केलं. शेवटी राहवेना. म्हटलं, घरचं माणूस ना तू? दोन वर्षं माझ्याकडे राहून शिकलीस, आणि दोनशे लोकांसमोर माझी अब्रू काढलीस? ती म्हणाली, "घरीही सांगितलं, मावशी. कितीदा. दर वेळी तू चहा ठेवायला उठलीस."
साफ खोटं. एकदा कॉफी होती.
अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच. संकल्प: तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही. उतरताना तिने माझी बॅग घेतली, तेव्हा "जड आहे, सांभाळून" एवढंच बोलले.

१० फेब्रुवारी
इतिवृत्त कालच तयार होतं: 'एकमताने फेरनिवड.' अध्यक्ष, म्हणजे आमचे डॉक्टर, यांनी भाचीचं नाव सुचवलं. सगळ्यांचे हात वर. मला वाटलं, आभाराचा ठराव असेल. मीही केला. 'एकमताने' तेवढं बरोबर आलं.
किल्ली मागताना डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते. भाची बघत होती. रडत होती. ते जास्त लागलं.

१३ फेब्रुवारी, सकाळ
त्या आजोबांकडे जायचं म्हणून निघाले. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, घर कुठे आहे ते मला माहीतच नाही. खात्री करायला मी कधी गेलेच नव्हते. यंत्र शेवटी भाचीच देऊन आली होती.
परत येऊन तिला चिठ्ठी लिहिली. पाठवण्याआधी इथे उतरवून ठेवते:
"त्या आजोबांचा पत्ता दे. निधीतर्फे नाही, माझी मी जाईन. काही समजावणार नाही. माफी मागेन आणि ते बोलतील तेवढं ऐकेन. अर्जदाराचा पत्ता बाहेरच्या माणसाला द्यायचा नाही, हा नियम मीच केलाय, आणि तू नियम मोडणारी नाहीस. तरी दे."