केशरबाईंच्या नावाने

॥ श्री ॥

पुणे,
२० जानेवारी १९९९

तीर्थरूप अण्णांस,
रश्मीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. समर्थला दोन दिवस कणकण होती, आता शाळेत जातो. यंदा संक्रांतीला मी तिळगूळ केला नाही. शेजारच्या सीमाताईंनी वाटीभर आणून दिला, तो तुमच्या नातवाने एकट्याने संपवला. तुम्ही दुपारचं जेवता ना? की बनुबाईंनी भाकरी दिली तर दिली, नाहीतर चहावर दिवस?

पत्राला कारण मसाल्याचं. माघ लागला, आता मिरची येईल. दरवर्षी या दिवसांत आई गिऱ्हाइकांना कार्डं लिहायची. मिरची छान आली आहे, कांडप सुरू करते आहे, यंदा किती पाठवू, आणि खाली प्रत्येकीच्या घरच्यांची चौकशी. आई नसताना हा पहिलाच हंगाम. कार्ड गेलं नाही तर बायका दुसरीकडून मसाला घेतील, आणि एकदा तुटलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही हे तुम्हीच शिकवलंत.

ह्यांचं म्हणणं, कार्डांऐवजी ई-मेल पाठवू. ई-मेल म्हणजे कॉम्प्युटरवरून जाणारं पत्र. तिकीट नाही, पोस्टमन नाही. गेल्या उन्हाळ्यात ह्यांच्या सांगण्यावरून आईने कार्डात लिहिलं होतं ना, की मुलांचा ई-मेल पत्ता असेल तर कळवा? तिला तो फोनचाच काही प्रकार वाटला होता. ते पत्ते माझ्याकडे आहेत. एकच पत्र सगळ्यांना ज्याच्या त्याच्या नावाने धाडणारे प्रोग्रॅम मिळतात. एक इथल्या दुकानात फ्लॉपीवर मिळतो. एक फुकट आहे, पण ते लोक प्रत्येक पत्राखाली आपली जाहिरात चिकटवतात. तिसरा अमेरिकेतला. तो सगळ्यात चांगला म्हणे, पण पैसे डॉलरमध्ये भरायचे. कोणता घेऊ?

आणि एक. पत्र कुणाकडून, असं प्रोग्रॅम आधी विचारतो. तिथे मी आईचंच नाव घालणार आहे. पुड्यांवर 'केशर मसाले' छापलंय, गिऱ्हाइकं तिलाच ओळखतात. ते नाव काढायला मला सांगू नका.

तब्येतीला जपा. मायेत कमी पडू देऊ नका.

तुमची,
रश्मी

॥ श्री ॥

कोल्हार,
२८ जानेवारी १९९९

चि. सौ. रश्मी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दुपारचं जेवतो. बनुबाई भाकरी देते, आणि मी ताट धुऊन ठेवेपर्यंत हलत नाही. तुझ्या आईबरोबर इतकी वर्षं कांडपाला बसली, तिचा सगळा धाक आता हिने उचललाय. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. पोस्टमन न्हाई तर मंग पत्र नेतं कोन, असं तिने विचारलं. वायरीतून जातं म्हणालो, तर तिने डोक्याला हात लावला.

प्रोग्रॅममधलं मला काय कळतंय? पण घेणं-देणं कळतं. फुकट ते पौष्टिक म्हणतात खरं, तरी आपल्या पत्राखाली कुणाच्या केसांच्या तेलाची जाहिरात नको. मसाला मागवणाऱ्या बाईला वाटेल, केशरबाईने आता तेलही काढलं. डॉलरवाल्याच्या वाटेला जाऊ नकोस. उद्या तो बिघडला तर अमेरिकेत कुणाच्या दारात जाऊन भांडणार? दुकानातला घे. घेण्याआधी पुडी उघडून वास घेतो तसं कर. पहिलं पत्र स्वतःलाच पाठव, नीट आलं तर पुढे.

नावाचं मात्र थांब, पोरी. मला जरा विचार करू दे. गिऱ्हाइकांना मी अजून काहीच कळवलेलं नाही. भावकीला, सोयऱ्यांना कार्डं गेली. यांना लिहायला रोज बसतो आणि रोज उठतो.

पंकजरावांना नमस्कार, समर्थला गोड पापा. ख्यालीखुशाली कळवत राहा.

तुझा,
अण्णा

॥ श्री ॥

पुणे,
१४ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

दुकानातला प्रोग्रॅम घेतला. तुम्ही म्हणालात तसं पहिलं पत्र स्वतःलाच पाठवलं. ते उघडलं तर मायना होता, 'प्रिय नाव'! जिथे नाव यायचं तिथे 'नाव' हाच शब्द आला. हे इतके हसले की समर्थ झोपेतून उठला. मग दोन दिवस खटपट करून जमवलं. मराठी अक्षरं त्यात उमटत नाहीत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागतं. आईने बघितलं असतं तर म्हणाली असती, ही काय भाषा का मिरचीचं भूस?

अण्णा, रागावू नका. नावाचं तुम्ही ठरवेपर्यंत थांबले नाही. मिरचीचे दिवस निघून चालले होते. पत्र आईच्या नावाने पाठवलं, तिच्याच शब्दांत. तिचं जुनं कार्ड समोर ठेवलं होतं.

आणि उत्तरं आली! पहिल्याच आठवड्यात निम्म्याहून जास्त. तुमच्या ओळखीच्या भागिरथीबाई, आपल्या कोल्हारच्या, मुलीकडे अमेरिकेला राहायला गेलेल्या. त्यांनी त्या मुलीकडून, राजनंदिनीकडून, लिहून घेतलं. म्हणतात, केशर, तुझा गुडघा कसा आहे, जिना चढतेस का? मे महिन्यात नातवाचं लग्न नाशिकला आहे, लग्नाचा मसाला तुझ्याच हातचा पाहिजे, मी स्वतः न्यायला येते, दोघी नदीवर जाऊन बसू.

मी त्यांना उत्तर दिलं. गुडघा बरा आहे, या, वाट पाहते, असं लिहिलं. खाली केशर. खरं सांगू? किती तरी दिवसांनी मला बरं वाटलं. लिहिताना वाटत होतं, आई पलीकडच्या खोलीत आहे आणि सांगतेय तसं मी टाइप करतेय. त्यानंतर पुन्हा दोघींची पत्रं आली, त्यांनाही उत्तरं दिली. यात कुणाचं काय गेलं? ऑर्डरींची यादी सोबत आहे. मिरची भरपूर घ्या.

आशीर्वाद असू द्या, रागाचे असले तरी चालतील.

तुमची,
रश्मी

॥ श्री ॥

कोल्हार,
२१ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. रश्मी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. बनुबाईला वाचून दाखवलं नाही.

रागावलो नाही. कोणत्या तोंडाने रागावू? गिऱ्हाइकांना खरं कळवलं नाही ते मीच. कार्डं आणली होती. भावकीची झाली आणि गिऱ्हाइकांच्या कार्डावर हात अडला. मनात आलं, दुखवट्याच्या घरातला मसाला लग्नघरात कोण नेईल? शिवाय मसाला केशरच्या हातचा. हातच गेला म्हटल्यावर उरलं काय? म्हटलं, एक हंगाम जाऊ दे, मग सांगू. म्हणजे खोट्याची सुरुवात माझ्यापासून आहे. तू त्याला फक्त वायर जोडलीस.

पण भागिरथीबाई न्यायला येते म्हणते. ती या वयात विमानाने येणार, एसटीतून उतरणार, लुगडं-बांगड्या घेऊन दारात उभी राहणार. त्या वेळी मी तिला काय सांगू? केशर नदीवर गेलीये, असं? बाळ, तिथे मी उभा असेन, तू नसशील.

तू लहान असताना विचारलं होतंस, काही कार्डांवर वर श्री का नसतो. मयताच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. ते पत्र वाचलं की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत, आंघोळ करतात. मला पूर्वी तो नुसता विटाळ वाटायचा. आता वाटतं, जुन्या माणसांनी ते शहाणपणाने ठरवलंय. कागद फाटला की माणसाला कळतं, झालं ते झालं.

तर आता मसाल्याचं दुसरं पत्र पाठवू नकोस. आधी तुझी आई गेल्याचं पत्र जाऊ दे, माझ्या नावाने. ऑर्डरी राहतील त्या राहतील. एवढं मात्र विचारून सांग, तुझ्या त्या प्रोग्रॅमचं पत्र वाचणाऱ्याला फाडता येतं का?

जेवत जा. जिवाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
अण्णा

॥ श्री ॥

पुणे,
४ मार्च १९९९

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न.

फाडता येत नाही. पुसता येतं. बटण दाबलं की जातं, मागे चिटोराही राहत नाही.

आणि मी ते पत्र लिहिणार नाही. सगळ्यांनी तिला पुसून टाकलं, अण्णा. भावकीने तेराव्याला जेवून हात धुतले. रेशनकार्डावरचं नाव तुम्ही कमी केलंत. एका मसाल्याच्या पत्रात ती राहिली होती तर तेही तुम्हाला बघवेना. भागिरथीबाई तिला गुडघ्याचं विचारतात. दुसरं कोण विचारतं आता?

तुम्ही खऱ्याचं सांगता. मला कुणी खरं सांगितलं होतं? गावातल्या गहिनीनाथने त्याच्या एसटीडी बूथवरून फोन केला, आई सिरियस आहे, लगेच निघ. मी एसटीत नगर येईपर्यंत नवस बोलत होते. राहुरीला गाडी थांबली तेव्हा तिच्यासाठी मोसंबी घेतली. दारात पोचले तर अंगणभर चपला. मी बनुबाईंना विचारलं, एवढी माणसं कशाला आलीत? त्या माझ्या हातातली पिशवी घेऊन आत गेल्या. सगळ्या गावाला माहीत होतं, एकट्या मला नव्हतं. मी अजून त्याच एसटीत बसलेय, असं रोज वाटतं.

हे तुमच्या बाजूचे आहेत. त्यांना लिहा, ते पाठवतील तुमचं पत्र. माझ्याने बटण दाबवणार नाही.

वाईट बोलले असेन तर पोटात घाला.

रश्मी

॥ श्री ॥

कोल्हार,
२४ मार्च १९९९

चि. सौ. रश्मी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पंकजरावांनी पत्र पाठवलं ते त्यांनी तुला सांगितलंच असेल. मी शब्द थोडेच दिले होते. केशर कार्तिकात गेली. मागचं पत्र लेकीने आईच्या नावाने लिहिलं, तिला आई सोडवत नाही, तिला क्षमा करा. मसाला बनुबाई आणि मी करतो आहोत, केशरसारखा होईलच असं नाही.

आलेली उत्तरं पंकजराव छापून मला पोस्टाने धाडतात. पुष्कळ ऑर्डरी गेल्या. लग्नाच्या तर सगळ्याच गेल्या, भागिरथीबाईच्या व्याह्यांनीही नको म्हटलं. घरापुरता मसाला मात्र तिने मागवलाय. राजनंदिनी लिहिते, आईने ते पत्र कागदावर छापून घ्यायला लावलं. दोनदा वाचून घेतलं, मग स्वतःच्या हाताने फाडलं आणि बाहेर बर्फ पडत असताना डोक्यावरून आंघोळ केली. मग दिवसभर तुझ्या आईच्या गोष्टी सांगत बसली. मे महिन्यात येणार आहे. तू पण ये. तिच्याशी बोलायला तुझ्यासारखं दुसरं कुणी नाही.

गहिनीनाथला तसं बोलायला मी लावलं होतं. वाटलं, तेवढी वाट तरी पोरीला आशेवर कापू दे. मोसंबीचं मला ठाऊक नव्हतं. तुझं पत्र आल्यापासून तेच डोळ्यांसमोर आहे. भावकीला कळवलं, सोयऱ्यांना कळवलं, आता गिऱ्हाइकांनाही कळवलं. तुला मात्र मी कधी कळवलंच नाही. तू आलीस आणि पाहिलंस, एवढंच. बापाने सांगायचं ते राहून गेलं.

तेवढं एक कार्ड आज लिहिलंय. ते वेगळं टाकतो, या पत्राच्या पाठोपाठ येईल. खोलीत एकटी बसून वाच. पंकजरावांना सांग, पाणी तापवून ठेवा.

तुझ्यावर माया आहे, हे लिहायला नको.

तुझा,
अण्णा

कोल्हार

चि. रश्मीस,

कळविण्यास फार दुःख होते की तुझी आई केशर कार्तिक वद्य षष्ठीस पहाटे वारली. मी उशाशी होतो. त्रास झाला नाही. तू पुण्याहून निघालीस त्याच्या आधीच ती गेली होती. तुला उशीर झाला नाही.

पत्र वाचून फाडून टाकणे.

अण्णा